डालड्याच्या डब्यातल्या सात बहिणी

“आपुन फुलाकडं काय बघायचं? फुलानं आपल्याकडं बघितलं पायजे!”

बन्सी हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. चहाची बशी ओठाला लावण्याआधी म्हणायचा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवताना म्हणायचा, आणि एकदा मयतीला गेला असताना तिरडीवरच्या झेंडूकडे बघूनही म्हणाला. तेव्हापासून छबूबाईनं त्याला मयतीला एकट्यानं पाठवणं बंद केलं.

छबूबाई ही त्याची बायको. नवऱ्याचं बोलणं तिला आता चिमण्यांच्या चिवचिवाटासारखं झालं होतं. चालू असलं की कानाला कळायचंही नाही. थांबलं की मात्र तिची मान वर व्हायची. आज का गप्प? काय मोडलं?

त्यांची वाडी कोल्हारपासून फार लांब नव्हती, पण माळावर होती. कालव्याचं पाणी येणार, येणार म्हणून वाडीनं दोन पिढ्या वाट बघितली, आणि पाणी आपलं खालच्या अंगानं दुसऱ्यांच्या उसाला भेटून निघून जायचं. वाडीला पिण्यापुरती एक विहीर होती, बन्सीच्या घरामागची. चांगली रुंद, दगडांनी बांधलेली, आत उतरायला पायऱ्या असलेली. सकाळी सगळ्या वाडीच्या घागरी तिथं जमायच्या, आणि घागरींबरोबर तोंडंही.

बन्सी माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या हातून कुठलंच काम शेवटाला जात नसे. अंगणाभोवती त्यानं दगडाची भिंत घातली ती गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. बैलगाडीला रंग दिला तो एका चाकाला. बाज विणायला घेतली ती पायथ्याकडून निम्मी झाली. तिच्यावर पडलं तर पाय झोपायचे आणि माणूस जागा राहायचा. छबूबाई म्हणायची, “आमच्या ह्यांनी लगीन तेवढं पुरं केलं. त्ये बी भटजी सोडंना म्हणून.”

फुलांचं वेड त्याला नगरात लागलं. तरुणपणी तो तिथं एका डॉक्टरीण मडमेच्या बंगल्यावर माळी होता. त्याच्याबरोबर शांतवन नावाचा दुसरा माळी. शांतवन कालव्याच्या अंगाच्या गावचा, ख्रिस्ती, शांत, पायानं थोडा अधू. दोघांनी मिळून थंडीत त्या बंगल्याच्या व्हरांड्यात पॅन्सी लावायची. पॅन्सी म्हणजे बोटभर देठाचं, मखमलीच्या चिंधीसारखं फूल. त्याला जांभळे, पिवळे गाल असतात आणि मधोमध काळा डाग असतो. त्यामुळे ते फूल वाटतच नाही, तोंड वाटतं. कुणीतरी डब्यातून मान वर काढून तुमची चौकशी करतंय असं वाटतं. बन्सीचं ते वाक्य तिथूनच आलं.

शांतवनची लेक दया तेव्हा परकर नेसून बंगल्यात बागडायची. ती त्या फुलांशी भांडायची. “बन्सीकाका, हा बघ मला दात दाखवतो!” म्हणायची. बन्सीनं तिला एकदा हसत हसत सांगितलं, “तुजं लगीन हुईल ना, तवा चर्चच्या दारात ही सगळी टांगतो बघ. तुज्या नवऱ्याला दात दाखवतील.”

पुढं मडम आपल्या देशाला गेली, बंगल्याला कुलूप लागलं, दोन्ही माळी आपापल्या घरी आले. बन्सीनं येताना फुलांचं बी आणलं, राखेत घालून बाटलीत ठेवलं, आणि बाटली आढ्याला खोचून विसरून गेला. मग दुष्काळ आला. वाडीची विहीर तळाच्या दगडापर्यंत आटली, तेव्हा कुणाला फुलं आठवणार! पण त्र्याहत्तर साली पाऊस मनासारखा झाला. विहीर अशी भरली की बायका घागर भरून झाली तरी तिथून हलेनात. नुसत्या पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या.

त्याच साली, गणपती उठल्यावर, शांतवन लेकीला घेऊन आला. दयाचं लग्न ठरलं होतं, नाताळ झाल्यावर लगेच. दया आता शाळेवर शिकवायला लागली होती, चांगली उंच झाली होती. तिनं चहा घेतला, छबूबाईला वाकून नमस्कार केला आणि दारातून बाहेर पडताना एवढंच म्हणाली, “काका, फुलं.”

बन्सी म्हणाला, “म्हंजी काय! आणनारच!”

छबूबाईनं आधी त्या गुडघ्याएवढ्या भिंतीकडे बघितलं, मग एका रंगीत चाकाकडे, मग त्या पोरीच्या तोंडाकडे. पोरीला खरंच वाटत होतं की फुलं येणार. आजवर बन्सीचं अर्धं राहिलेलं काम घरातल्या घरात राहिलं होतं. हे चारचौघांत, परक्या पोरीच्या लग्नाच्या दारात अर्धं राहणार होतं. “देवा,” तिनं मनात म्हटलं, “येवढं येक तडीला जाऊ दे. मग बाज न्हाई विणली तरी चालंल.”

ज्या दिवशी घराघरांत घट बसले, त्याच दिवशी बन्सीनं बी पेरलं. घरात दोन टोपल्या झाल्या. देवापुढच्या टोपलीत गहू, आणि रांजणामागं गार अंधारात, ओल्या गोणपाटाखाली, पॅन्सी. “ह्या बियाला अंधार लागतो,” तो म्हणाला, “आन् शांतता.”

“शांतता? ती काय बाळंतीण हाय व्हय?”

“तसंच समज.”

दसरा होईपर्यंत छबूबाई स्वतःच्या घरात कुजबुजत वावरली. कोंबडीला हाकलायचं तर नुसते हात हलवायची. मच्छिंद्र नावाचा शेजारी होता, सगळ्या वाडीची टवाळी करणारा, तो दारातून म्हणाला, “वयनी, घसा बसला का बन्सीबुवांचं नशीब उघडलं?”

सोनं वाटून झालं आणि बी उगवलं. दोन-दोन पानांची, मोहरीएवढी रोपं. बन्सीनं कोल्हारच्या हॉटेलवाल्याकडून डालड्याचे रिकामे डबे आणले, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, शेणखत, नदीची वाळू आणि पाचोळ्याची माती कालवून भरली. असे आठ डबे झाले. रोपांचा शेंडा तो नखानं खुडायचा. “शेंडा खुडला का फांद्या फुटत्यात,” तो छबूबाईला शिकवायचा, “फांद्या फुटल्या का त्या डब्याच्या काठावरनं खाली उतरत्यात. मग नुसतं झाड न्हाई दिसत, झालर दिसती झालर!”

पण माळावरचं दुपारचं ऊन त्या रोपांना सोसेना. दुपार झाली की ती माना टाकायची. मग बन्सी आठ डबे घेऊन सावलीच्या मागं फिरायचा. सकाळी ओटीवर, मग गोठ्यात, मग गाडीखाली. एकदा गाडी जुंपायची वेळ आली तर म्हणाला, “आज नगं, खाली निजल्यात.” शेवटी तो डब्यांवर छत्री धरून बसला. ती छत्री घरात एकच होती, आणि छबूबाई त्या वेळी डोक्यावर पदर घेऊन उन्हातान्हातून बाजार करून आली होती.

तिनं पिशवी खाली टेकवली आणि कुजबुजणं सोडून दिलं. “जावा!” ती ओरडली. “त्या डब्यांना घेऊन हिरीत जाऊन बसा! तिथं लई गार हाय!”

बन्सीनं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं त्याला ताटभर पुरणपोळी वाढली. “छबे,” तो म्हणाला, “तुला माळीकामाला घ्यायला पायजे हुतं.”

दुसऱ्या दिवशी आठ डबे विहिरीत गेले. विहिरीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला, काठापासून हातभर खाली, दगडांच्या फटीत त्यानं खुंट्या ठोकल्या आणि दोरीनं डबे टांगले. त्या भिंतीवर सकाळचं ऊन यायचं, आणि दुपारी सावलीत पाण्याचा गारवा खालून वर यायचा. रोपांनी माना वर केल्या. आठवड्याभरात फांद्या डब्याच्या काठावरून वाकल्या आणि विहिरीत डोकावून पाहू लागल्या.

एक डबा मात्र गेला. छबूबाई पाणी शेंदत होती, तिच्या दोरीचा हिसका त्याला बसला, डबा दगडावर आपटला आणि खालून ‘डुबुक’ असा आवाज आला.

“तुमची गाठच सैल,” ती लगेच म्हणाली.

बन्सी विहिरीत बराच वेळ बघत राहिला. “चांगली हुती,” तो म्हणाला. “लाजरी हुती जरा.” मग म्हणाला, “सात तर सात.” तो डबा पडला नसता तर पुढचं रामायण घडलं नसतं.

मार्गशीर्षात थंडी पडली. पहाटे माळ असा गार व्हायचा की कोंबडा आरवायच्या आधी विचार करायचा. आणि एका सकाळी, एकदम, सातही डबे फुलले.

त्या सकाळी विहिरीवर पहिली आली ती आक्काबाई. आक्काबाई वाडीतली सगळ्यांत म्हातारी. डोळ्यांनी तिला कमी दिसायचं, पण जे दिसलं त्याबद्दल तिला कधीच शंका नसायची. तिनं घागर सोडायला वाकून बघितलं, आणि विहिरीतून कितीतरी तोंडं तिच्याकडे बघत होती. सात झुबक्यांनी, मान वर करून, गाल फुगवून.

घागर दोरीसकट विहिरीत गेली.

“छबे! अगं ये छबे! आल्या! आसरा आल्या गं!”

पाण्यात साती आसरा राहतात, सात बहिणी, हे वाडीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. डोहात, विहिरीत त्यांचा वास असतो. त्या असल्या की पाणी असतं. आदल्या साली विहीर आटली होती आणि यंदा तुडुंब भरली होती. बायकांनी धावत येऊन वाकून बघितलं, डबे मोजले, आणि ते सात भरले. मग कुणालाच काही विचारायचं राहिलं नाही.

मच्छिंद्र तेवढा काठावर कंबरेवर हात ठेवून म्हणाला, “आक्का, आसरांना मिश्या असत्यात व्हय?”

“मेल्या, मळवट हाय तो! कपाळभर कुकू भरलंय.”

“आवं पर नाकाच्या खाली कपाळ कुठं असतं?”

“देवाचं कपाळ कुठं बी असतं! तू गप ऱ्हा! त्या पिवळीचं तोंड बघ, तुज्यापरीस बरं हाय.”

बायका हसल्या. खरोखरच त्या पिवळ्या फुलाचं तोंड मच्छिंद्रासारखं होतं, तीच खाली ओघळलेली मिशी. मच्छिंद्र रागानं निघाला, तो बन्सीच्या गुडघ्याएवढ्या भिंतीला अडखळून पालथा पडला. नाक फुटलं. वाडीला आणखी काय पुरावा हवा होता? उठला तो मच्छिंद्र हात जोडूनच उठला.

बन्सी खालच्या रानातून पळत आला. “आवं बायांनो, पॅन्सी हाय ती! म्या लावलीय! ह्ये डबं बघा, डालड्याचं हायती!”

आक्काबाईनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “डबं तू टांगलं असशील. तोंडं कुनी दिली?”

बन्सीनं बोलायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. छबूबाईनं आख्ख्या संसारात त्याला असं बिनशब्दाचं कधी बघितलं नव्हतं.

“आन् तूच म्हनत हुतास का न्हाई,” आक्काबाईनं वरून टोला हाणला, “आपुन बघायचं न्हाई, त्यांनी आपल्याकडं बघायचं? बघ, बघत्यात!”

त्या दिवसापासून विहिरीवर चपला बंद झाल्या. कुणी खण आणला, कुणी हिरव्या बांगड्या, कुणी दहीभात. हळद-कुंकू वरून टाकायचं म्हटल्यावर ते वाऱ्यानं जिथं जायचं तिथं जायचं. फुलांच्या डोळ्यांत, पानांवर, पाणी शेंदणाऱ्या माणसाच्या नाकात. वाडीनं काही दिवस पिवळं पाणी प्यालं आणि ते गोड लागतं असं एकमेकांना सांगितलं. मच्छिंद्र नाकाला चुना लावून काठावर काठी घेऊन बसला. “येक डबा हलू देनार न्हाई,” तो म्हणायचा. कालचा टवाळ आज भगत झाला की तो असाच असतो, जुन्या भगतापेक्षा कडक.

बन्सी रोज उजाडताना पायऱ्या उतरायचा, धोतराचा सोगा ओला करून एकेका फुलाचं तोंड पुसायचा, वाळलेलं फूल खुडायचा. “वाळलेलं ठिवलं का नवं येत न्हाई,” तो पुटपुटायचा. बायकांना वरून दिसायचं ते एवढंच, की बन्सी देवीचं तोंड धुतोय आणि मंत्र म्हणतोय. मग त्यालाच नारळ मिळू लागले. छबूबाईच्या घरात खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याची वडी, खोबरं घातलेली आमटी सुरू झाली. एकदा तिनं बैलालाही खोबरं घातलं. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं, कारण त्यालाही ते आदल्या दिवशी मिळालं होतं.

हे सगळं हसण्यासारखंच होतं, आणि छबूबाई हसलीही. पण नाताळ आला, आणि लग्न परवावर आलं. बन्सीनं एक डबा सोडायला हात घातला तर मच्छिंद्रानं काठी आपटली आणि आक्काबाईनं अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली.

“आसरा उपटून नेनार? गेल्या साली घसे कोरडे पडले ते इसरलास? त्या गेल्या तर पानी जाईल!”

त्याच संध्याकाळी शांतवन आला, लग्नाचं शेवटचं सांगायला. काठी टेकत विहिरीवर गेला, आत बघितलं, आणि जुन्या ओळखीच्या माणसांना बघावं तसा हसला. “बन्सीबुवा, काय फुलवलीय! मडमच्या बंगल्यात सुदिक अशी झालर उतरली नव्हती.” मग दयाचं बोलणं निघालं. “तुमचा आठ डब्यांचा निरोप आला, तसे पोरीनं चर्चच्या दारावर आठ खिळे ठोकून घेतलेत. रोज जाऊन बघून येते.”

बन्सीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. शांतवननं काठी हातात घेतली. “ऱ्हाऊ द्या मग,” तो म्हणाला. “वाडीशी वाकडं घेऊ नका. मी पोरीला सांगतो काहीतरी.”

तो गेला. बन्सी जेवला नाही. अर्ध्या विणलेल्या बाजेवर बसून राहिला, आणि एक शब्दही बोलला नाही. छबूबाईनं भांडी घासली, चूल सारवली, दोनदा मान वर केली. घर असं शांत होतं जसं ते बी रुजायच्या वेळी होतं. तेव्हा तिला कळलं की पॅन्सीसाठी गप्प बसणं सोपं होतं, हे गप्प बसणं तिला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागरी जमल्या तशी छबूबाई कंबर कसून विहिरीवर गेली. चपला बाजूला काढल्या, विहिरीला हात जोडले, आणि मग वळली.

“आक्का, मी येक इचारू?”

“इचार की.”

“ह्या बहिनी आपल्याकडं आल्या. आपुन ओटी भरली, बांगड्या दिल्या, दहीभात घातला. व्हय का न्हाई?”

“व्हय.”

“मग बोळवन कधी करायची? लेक माहेराला आली तर आपुन तिला चार रोज ठिवतो, न्हाऊ घालतो, आन् साडीचोळी करून लावून देतो. का तिला दोरी बांधून हिरीला टांगून ठिवतो?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं विहिरीत बघितलं. त्या नजरेनं बघितलं तर खरंच बरं दिसत नव्हतं. सात बायका, डालड्याच्या डब्यात, दोरीला लोंबकळत.

“पर त्या गेल्या तर पानी...” आक्काबाई म्हणाली.

“त्येच इचारते. गेल्या साली आपली हीर आटली. आसरा हित्तं हुत्या का?”

“न्हाई. असत्या तर आटली असती व्हय!”

“मग कुठं हुत्या? जितं पानी हुतं तितंच असतील न्हवं? आपुन पानी कुठनं आनलं?”

सगळ्यांनी पाणी एकाच ठिकाणाहून आणलं होतं. वाडीतल्या साऱ्या बाया डोक्यावर हंडे घेऊन कालव्याकडं उतरायच्या आणि शांतवनच्या दारच्या विहिरीतून, चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या विहिरीतून, पाणी आणायच्या. शांतवन स्वतः रहाट ओढून द्यायचा, अधू पायावर उभा राहून. आक्काबाई तिथं दोन्ही हातांची ओंजळ करून पोटभर प्याली होती, तोंड पुसलं होतं, आणि सगळ्यांना म्हणाली होती, “घरी कुनी बोलू नगा.” आणि खरोखरच आजवर कुणी बोललं नव्हतं.

आता छबूबाई बोलली. “दुष्काळात त्यांनी आपल्या सातीच्या साती बहिनी सांभाळल्या. उद्या त्यांच्या लेकीचं लगीन हाय. ह्या लग्नाला जायला उठल्यात, आन् आपुन काठी घिऊन अडवतोय. देवाला काय वाटत आसंल, आक्का?”

आक्काबाईनं हातातल्या बांगड्या एकदा वर, एकदा खाली केल्या. मच्छिंद्रानं काठी हळूच मागं घेतली.

“मच्छिंद्रा,” आक्काबाई शेवटी कडाडली, “तू काठी घिऊन लेकीबाळींच्या वाटंत काय बसलास रं? लाज न्हाई वाटत?”

“आवं आक्का, तुमीच तर...”

“हलगी आन जा!”

झालं! ज्या वाडीनं डबा हलू दिला नव्हता, तीच वाडी बन्सीच्या मागं लागली की आवर लवकर, दुपारपातूर पोचायला पायजे. बन्सीनं पायऱ्या उतरून एकेक डबा असा वर दिला की जणू पोर पाळण्यातून काढतोय. बायकांनी प्रत्येक डब्यापुढं तांदूळ टाकले. आक्काबाईनं सातींना काजळ लावायला घेतलं होतं, पण बन्सी आडवा पडायला निघाला तेव्हा डब्यांच्या बुडाला लावून भागवलं. त्या पिवळ्या मिशीवालीपुढं मच्छिंद्र जरा जास्तच वेळ हात जोडून उभा राहिला. घरच्या माणसाला निरोप देताना राहतात तसा.

न्यायचं कसं? बन्सीनं कावड केली. बांबूची दांडी, दोन्ही टोकांना दोऱ्या. पुढं तीन डबे, मागं चार. कावड उचलली आणि बन्सी मागच्या मागं वाकला, आभाळाकडं तोंड करून. पुढं चार केले तर नाकावर यायला लागला. सात काही केल्या दोन्हीकडं सारखे होईनात. शेवटी छबूबाई घरात गेली आणि तीन डब्यांच्या टोकाला तिनं दोन नारळ बांधले. कावड सरळ झाली.

“ह्ये बरं झालं,” ती म्हणाली, “येक तरी चटणी वाचली.”

बन्सीनं मडमनं दिलेला जुना काळा कोट चढवला. बटणं दोनच होती, तीही वेगवेगळ्या रंगांची. डोक्याला टोपी घातली. “खिळे आठ हायती,” तो हळूच छबूबाईला म्हणाला. “आठव्याला माझी टोपी टांगतो. कसं?”

“कशाला बी टांगा. पर वाटंत कुटं थांबू नगा. कुनी चहाला बोलावलं तरी.” मग जरा थांबून तिनं बोटं त्याच्या कोटाच्या बाहीला लावली. “ह्ये पुरं करून या.”

“आगं म्हंजी काय!” बन्सी म्हणाला, आणि निघाला.

हलगी वाडीच्या शेवटच्या बाभळीपर्यंत वाजत गेली आणि थांबली. तिथून पुढं तो एकटा. थंडीच्या कोवळ्या उन्हात माळाची वाट पांढरी दिसत होती, आणि तिच्यावरून काळा कोट डुलत डुलत चालला होता. पुढं तीन झुबके आणि दोन नारळ, मागं चार झुबके. झालरी हेलकावे घेत होत्या. तो एकदाही थांबला नाही. त्याची तालुक्याला चाललेली बैलगाडीसुद्धा कधी इतकी न थांबता गेली नव्हती.

आक्काबाई डोळ्यांवर हात धरून बघत उभी होती. तिला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, पण तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. बायका पदर सावरून बघत होत्या. मच्छिंद्र भिंतीवर बसून बघत होता, आणि ती भिंत गुडघ्याएवढीच असल्यानं बसायला बरी पडत होती.

छबूबाई विहिरीच्या काठावरून बघत होती. विहीर रिकामी रिकामी वाटली म्हणून तिनं सहज खाली नजर टाकली. पश्चिमेच्या भिंतीला, खूप खाली, पाण्याच्या जरा वर, दगडाच्या फटीत हिरवं काहीतरी अडकलं होतं. डबा पाण्यात गेला तेव्हा झाड वाटेत अडकून राहिलं असावं. त्याला एकच फूल आलं होतं, लहानसं, जांभळं, जरा लाजरं. ते मान वर करून तिच्याकडे बघत होतं.

छबूबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “गप बस,” ती कुजबुजली. “तू घर राख.”

मग तिनं मान वर केली. कालव्याच्या वळणावर बन्सी आता बोटाएवढा दिसत होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही. पण मागच्या चार डब्यांतली सगळी तोंडं मात्र, गाल फुगवून, मिश्या सोडून, तो वळणाआड जाईपर्यंत वाडीकडं बघत होती.